मृगाआधी एक कळकळीची विनंती

कोकणात नव्याने घर बांधलेल्या, बाग घेतलेल्या माझ्या शहरी बंधू-भगिनींनो,

मृगाच्या सरी कोसळल्या की बिळांत पाणी शिरतं आणि आतली जनावरं, म्हणजे साप-विंचू, कोरड्या जागेच्या शोधात पडवीत, लाकडांच्या मोळीत, दाराशी काढलेल्या चपलांत येऊन बसतात. म्हणून हे आजच लिहितो आहे.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहायला आलो. गडग्याजवळ रचलेला चिरा उचलायला वाकलो, तेवढ्यात शेजारच्या काकी ओरडल्या, "हात घालू नका, आधी काठीनं हलवा!" चिरा सरकला आणि करवत चालावी तशी खरखर ऐकू आली. खाली वेटोळं घालून विषारी फुरसं बसलं होतं. एवढंसं, मातीच्या रंगाचं.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे गवत कापणाऱ्या गड्याला फुरसं चावलं. "पान लागलं", म्हणजे साप चावला, म्हणत माणसं धावली. मी त्याच्या हाताला दोरी आवळून बांधली. कुणी मांत्रिकाकडे नेलं. दोन तास तिथेच गेले. रुग्णालयात पोचलो तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तो वाचला, पण एक बोट गमावून बसला. ती दोरी बांधणारा शिकलेला माणूस मी होतो. तुमच्या हातून हे होऊ नये.

सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

साप चावला तर दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या, अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर प्रतिविषाची एकच लस चालते.

मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर अजीर्ण समजून घरी थांबू नका. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री बॅटरीशिवाय अंगणातही पाऊल टाकू नये.

लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं आहेत, लहान मुलांत तर फारच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने अशा कितीतरी रुग्णांचे प्राण वाचवले. औषध आहे. रुग्ण तिथवर वेळेत पोचला पाहिजे.

आणि दिसला साप की ठेचा, हे थांबवा. उंदरांचा बंदोबस्त करणारी बिनविषारी धामणही त्यात मरते. सापाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरात शिरला तर दूर राहून नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६वर कळवा.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांनाही हात जोडून सांगणं आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, याची खात्री पाऊस लागण्याआधी करा आणि तसा फलक चव्हाट्यावर लावा.

मित्रहो, आज संध्याकाळी तीन कामं करा. शेजारच्या आजी-काकांना विचारा, इथे जनावर कुठे निघतं. लस कुठल्या रुग्णालयात मिळते ते शोधा. तिथला फोन नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पाऊस दारात आहे. उद्यावर टाकू नका.