विकत घेतलेली हमी

अमेरिकेत मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, विकताना विक्रेता ‘वाढीव वॉरंटी’ही गळ्यात मारू पाहतो. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याच्या भाषेत ही वॉरंटी नव्हेच. वेगळे पैसे मोजून घेतलेला तो सेवाकरार! इंजिन, फ्रिज, जनरेटर, पाण्याचा पंप, एवढा पसारा रस्त्यावर हादरे खात हिंडणार. मोडतोड होणारच, हे खरे. पण छपराच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी, जे या घराचा खरा वैरी, ते करारातून सहसा वगळलेले असते. शिवाय विकणाराही टिकला पाहिजे: मोटारींचे असे करार विकणारी यूएस फिडेलिस कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. माझ्या मते तेवढी रक्कम दुरुस्तीसाठी बँकेत ठेवावी. एकदम मोठा खर्च ज्याला झेपणार नाही त्याने करार खुशाल घ्यावा; मात्र वगळलेल्या गोष्टींची यादी सहीपूर्वी वाचून.