नकाशावर बोटभर

काय दोस्तांनो, परीक्षा जवळ आल्या तरी तुमची पत्रं काही थांबत नाहीत! या आठवड्यात एक पत्र असं आलंय, की बाकीची बाजूला ठेवून आधी त्याच्याबद्दल बोलायलाच हवं.

पत्र आहे सातारा जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं. नववीत आहे. तिच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचं ठरलंय आणि बाबांनी जाहीर केलंय, "आखणी तू करायची. आम्ही नुसते मागून येणार." आठ दिवस मिळालेत. मंडळी पाच. आईला समुद्र हवाय. धाकट्या भावाला देवमासा बघायचाय, तेही निळाच. आजीचे गुडघे दुखतात, पण तिला एकदा अशोकवनात जायचंय. स्वतः मैत्रिणीला सिगिरियाचा खडक चढायचाय. तिने वहीचं पान फाडून आखणीही पाठवलीय: कोलंबो, गॉल, मिरिस्सा, याला, एल्ला, नुवारा एलिया, कँडी, सिगिरिया आणि जाफना. खाली विचारलंय, "काका, काही राहिलं का?"

राहिलं तर काहीच नाही! पण खरं सांगू? ते पान वाचून माझ्या पोटात गोळा आला. अगदी अशीच आखणी मी एकदा केली होती.

२०१५ चा मे महिना. आम्ही चौघं आणि माझी आई. मी टेबलावर श्रीलंकेचा नकाशा पसरला आणि बोटाने अंतरं मोजली. देश केवढा? सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एकपंचमांशाहून थोडा मोठा. उत्तर-दक्षिण साधारण ४३० किलोमीटर. म्हटलं, हा काय, पुण्याहून निघालं की संपला! सात दिवसांत दहा ठिकाणं बसवली आणि आईचं अशोकवन शेवटच्या दिवशी 'जाता जाता' टाकलं. नकाशावर कँडीपासून नुवारा एलिया बोटभरच तर होतं.

त्या बोटभर अंतरात रस्ता हजारभर मीटर वर चढतो, बरं का. वळण संपलं की दुसरं वळण, समोर चहाचा ट्रक, वरून धो धो पाऊस. ताशी तीस किलोमीटर गेलो तरी ड्रायव्हरदादा खूश. पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि देवळाचं दार बंद झालेलं. पहाटे विमानतळाकडे निघायचं होतं. आई छत्री धरून रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली, बंद दाराला हात जोडले आणि म्हणाली, "असू दे रे. पाण्याचा आवाज तर ऐकला." देवळाशेजारून ओढा वाहतो, त्याचा आवाज. पुन्हा तिचं तिकडे जाणं झालं नाही.

म्हणून या मैत्रिणीचं पान घेऊन आपण सगळेच बसू या. पेन्सिल घ्या. खोडरबर आधी घ्या.

पहिला प्रश्न 'कुठे?' हा नाहीच. पहिला प्रश्न 'कधी?' हा आहे. श्रीलंकेच्या मध्यभागी डोंगरांचा मोठा पुंजका आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. मे महिन्यात नैर्ऋत्येकडून मोसमी वारे येतात, ते या डोंगरांना अडतात आणि पश्चिम-दक्षिणेला भरभरून पाऊस पाडतात. पलीकडे पूर्वेला मात्र ऊन! साताऱ्याच्या मुलीला हे मी काय शिकवणार? महाबळेश्वरला पाऊस थांबायचं नाव घेत नाही तेव्हा तिच्याच जिल्ह्यातले माण-खटावचे लोक आभाळाकडे बघत असतात. तसंच हे. फरक एवढाच, की श्रीलंकेत पुढे पारडं फिरतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारे ईशान्येकडून येतात आणि पूर्व किनारा भिजतो. म्हणून दक्षिणेचा समुद्र डिसेंबर ते मार्च आणि पूर्वेचा साधारण एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, असं डोक्यात पक्कं बसवा.

आता आपल्या सुट्ट्या बघा. दिवाळीच्या सुमारास तिकडे जवळजवळ सगळीकडेच पाऊस असतो, वर बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस. मे महिन्यात गॉल-मिरिस्साचा समुद्र खवळलेला. किनाऱ्यावर लाल झेंडा लागला असेल तर घोटाभर पाण्यातही उतरायचं नाही, मग हॉटेलच्या बिलात समुद्राचे कितीही पैसे लावलेले असोत. मी २०१५ मध्ये गॉलच्या किल्ल्यावर छत्रीतून समुद्र बघितला आणि देवमाशांची बोट रद्द झाल्याचं ऐकून परत फिरलो.

म्हणजे गॉल, मिरिस्सा खोडा. हं, माहीत आहे, किल्ल्याच्या पायथ्याचं ते क्रिकेटचं मैदान तुम्हाला बघायचंय. पुन्हा कधीतरी डिसेंबरात.

एप्रिलच्या मध्यावरही जाऊ नका. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. अर्धा देश गावी निघतो, गाड्या भरून वाहतात, दुकानं बंद असतात आणि नुवारा एलियात तर महिनाभर त्यांच्याच लोकांची जत्रा. आपल्या मैत्रिणीच्या घरच्यांनी एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला आठवडा यात बसवावं असं मी म्हणेन. दुपारी वळवासारखी सर येईल, ती येऊ दे. छत्री घ्या. आणि जमलं तर वेसकची पौर्णिमा साधा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. दोन्हीकडची तारीख कधी कधी वेगळी पडते, म्हणून तिकडच्या दिनदर्शिकेत बघा. त्या दिवसांत घरोघरी कागदी कंदील लागतात, थेट आपल्या आकाशकंदिलांचे भाऊबंद! रस्त्याकडेला येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात, त्याला म्हणतात 'दन्सल'. दानशाळा! शब्द ओळखीचा वाटला ना?

आता ठिकाणं. नऊ नकोत, तीन मुक्काम पुरेत. आणि पहिला मुक्काम आजीचा.

विमान उतरतं कटुनायकेला. ते कोलंबोच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे, तेव्हा उगाच कोलंबोच्या गर्दीत शिरू नका, जवळच्या नेगोंबोला रात्र काढा. दुसऱ्या दिवशी गाडीने सरळ नुवारा एलिया. उंची १,८६८ मीटर, स्वेटर लागेल. पाच-सहा तास धरा, उलटी होणाऱ्यांनी पुढे बसा. तिथे दोन रात्री राहा, म्हणजे मधला पूर्ण दिवस हातात राहतो. सकाळी आजीला घेऊन सीता एलियाला जायचं, पाचेक किलोमीटर. ओढ्याकाठी सीतेचं रंगीत देऊळ आहे. खडकावरचे खळगे म्हणजे हनुमंताची पावलं, असं लोक मानतात. हीच ती अशोकवाटिका का, याचा वाद आजीशी घालू नका. ओढ्याकाठी निवांत बसू द्या. पुढे हकगलाची बाग आहे, तिथे बाकंही आहेत.

हा सगळा डोंगर आज चहाने हिरवागार दिसतो, पण इंग्रजांनी इथे आधी लावली होती कॉफी. १८६७ मध्ये कोलंबो ते कँडी रेल्वे आली, ती मुख्यतः कॉफी बंदरावर न्यायला. पण पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत कॉफीचे मळेच्या मळे बसले. मग जेम्स टेलर नावाच्या माणसाने १८६७ पासूनच लावून बघितलेला चहा सगळ्यांच्या कामी आला. चहा खुडायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले गेले. मळ्यात टोपली पाठीला लावलेल्या बायका दिसतील, त्या त्यांच्याच लेकी-नाती. फोटो काढायचा तर आधी विचारा.

चौथ्या दिवशी खाली उतरायचं. सामान गाडीतून पाठवा आणि तुम्ही नानू ओया स्टेशनवरून कँडीपर्यंत आगगाडीने या. पण थांबा! २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस 'दितवा' चक्रीवादळाने श्रीलंकेची दैना केली. डोंगरात दरडी कोसळल्या, सहाशेहून अधिक माणसं गेली आणि हाच रेल्वेमार्ग ठिकठिकाणी तुटला. तेव्हा निघण्याआधी गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे, रस्ता कसा आहे, हे राहण्याच्या ठिकाणी पत्राने नाहीतर फोनवर विचारा. जुन्या पुस्तकातल्या वेळापत्रकावर विसंबू नका, माझ्यावर तर मुळीच नाही. नाहीच गाडी तर रस्त्याने या. कँडीत दोन तास थांबून बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर बघायचं आणि रात्री सिगिरियाच्या पायथ्याशी पोचायचं.

मैत्रिणी, हा दिवस तुझा! सकाळी सातला खडकाशी हजर राहा, नऊनंतर दगड तापतो. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने बापाचं राज्य बळकावलं आणि भावाच्या भीतीने या खडकाच्या माथ्यावर महाल बांधला. वाटेत सिंहाचे दोन प्रचंड पंजे लागतात, त्यांच्यामधून वर जायचं. मध्येच भिंतीवर रंगवलेल्या स्त्रिया दिसतात. त्या बघून तुला अजिंठा आठवला नाही तर मला कळव. काळही जवळपास तोच. आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात कोणती गोष्ट रंगवलीय ठाऊक आहे? सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची. त्याचं जहाज फुटतं आणि तो राक्षसिणींच्या बेटावर जाऊन पडतो. सिंहल म्हणजेच लंका! जाण्याआधी अजिंठा बघून झाला तर काय मजा येईल.

एक सूचना: खडकावर गांधीलमाशांची पोळी आहेत. पाटी दिसली की तोंड बंद. भावाला आधीच सांगून ठेव. आजीने वर येऊ नये. खाली राजाच्या पाण्याच्या बागा आहेत, सपाट आणि झाडांच्या सावलीतल्या. तिकिटाच्या खिडकीवर सार्क देशांसाठी सवलत आहे का ते जरूर विचारा, पासपोर्ट हातात ठेवा.

उतरलात की जेवून त्रिंकोमालीकडे. दोन-अडीच तास. मधल्या जंगलातून हत्ती रस्ता ओलांडतात, तेव्हा गाडीतून उतरून धाडस दाखवू नका. इथे दोन रात्री, आईच्या समुद्रासाठी. निळावेलीचं पाणी या दिवसांत शांत असतं. कड्यावर कोनेश्वराचं शिवमंदिर आहे. जुनं देऊळ पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात पाडलं होतं. आणि देवमासा? मिरिस्साचा हंगाम एप्रिलात संपत आलेला असतो, त्रिंकोमालीचा मेच्या सुमारास सुरू होतो. तेव्हा भावाला सांग, बोटीत बसू, पण दिसेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्या बोटीत बसू नये.

या किनाऱ्याने खूप सोसलंय. १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं आणि मध्येच २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तिच्यात देशभरात तीस हजारांहून अधिक माणसं गेली. ज्यांच्याकडे उतराल त्यांच्या घरातलंही कुणी असेल. आपण होऊन विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका.

सातव्या दिवशी परत नेगोंबो, आठव्या दिवशी घर. जाफना? छान आहे, पण अगदी उत्तरेच्या टोकाला. खोडा.

थोडं फुटकळ. घड्याळाचे काटे हलवायचे नाहीत, वेळ आपलीच. पूर्वी १९९६ ते २००६ वेगळी होती. आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनाहून जास्त रुपये मिळतात, म्हणून किंमत ऐकून दचकू नका, आधी भागा. कवठाचं सरबत प्या. म्हशीच्या दुधाचं दही माडाच्या पाकाबरोबर खा, एका वेळी एकच मडकं. सिंहली आकडे पाठ करा: एक, देक, तुन, हतर, पह. शिजवलेल्या तांदळाला ते 'बत्' म्हणतात. आपला भातच की! आभार मानायचे तर 'स्तूती', त्रिंकोमालीत मात्र तमिळमध्ये 'नन्री'.

आणि आज घरी गेल्यावर पहिलं काम, नकाशाच्याही आधी: सगळ्यांचे पासपोर्ट काढून तारखा वाचा. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, तुमचा पाचच. प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवेत. बाबांनी स्वतःचा बघून "आहे, आहे" म्हटलं तर ऐकू नका. कपाट उघडायला लावा. आजीचा तर अजून काढायचाच असेल, तिला उद्याच फोटोला घेऊन जा.