शर्यतीत मागे पडलात? जिद्दीला दोष देऊ नका!

परवा ओपीडीत एक जुने पेशंट आले. पंचेचाळिशीचे गृहस्थ, सहा वर्षांपासून डायबेटिस. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना सायकल घ्यायला लावली होती. नियमित चालवली, तर एचबीएवनसी ८.४ वरून ६.९ वर आलं. या वेळचा रिपोर्ट हातात घेतला तर आकडा ८.२. म्हटलं, "सायकल कुठं आहे?" तर म्हणाले, "भिंतीला टांगली साहेब. आपल्याच्यानं नाही होत ते."

झालं होतं असं, की मित्रांच्या आग्रहाने ते एका शर्यतीत उतरले. ५० किलोमीटर, शेवटी घाट. शेवटून तिसरे आले. ग्रुपवर कोणीतरी निकालाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'जिद्द कमी पडली!' त्या दिवसापासून सायकल बंद.

मित्रांनो, या 'जिद्द कमी पडली' वाक्याचा मला मनस्वी राग आहे. हे वाक्य म्हणजे तपासणी न करता केलेलं निदान. ताप आलेल्या माणसाला मी 'तुमची जिद्द कमी पडली' म्हणालो तर तुम्ही माझ्या दवाखान्याची पायरी चढाल का?

या गृहस्थांचंच बघा. वजन ८४ किलो. सपाट रस्त्यावर वजनाचा फारसा तोटा होत नाही, तिथे लढाई मुख्यतः वाऱ्याशी असते. पण राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढताना प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. तेवढीच ताकद लावणारा ६० किलोचा पोरगा पुढे जाणारच. यात जिद्दीचा संबंध कुठे आला? हे शाळेतलं विज्ञान आहे.

दुसरं, ते शाकाहारी आणि गेली सहा वर्षं मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण ते वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी जेवणात ते आधीच तुटपुंजं असतं. तपासलं तर बी-१२ खूपच कमी आणि हिमोग्लोबिन १०.६. पुरुषात १३ च्या खाली गेलं की आपण त्याला रक्तक्षय म्हणतो. स्नायूंना प्राणवायू पोचवणारी गाडीच अर्धी रिकामी, आणि हे बिचारे स्वतःच्या मनाला दोष देत बसलेले! महिलांमध्ये तर हे अजून जास्त दिसतं. त्या तर थकवा सांगतही नाहीत.

म्हणून सांगतो, सराव नीट करूनही कामगिरी घसरत असेल तर प्रेरणादायी व्हिडिओ बघण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. झोप किती होते ते स्वतःला विचारा. नुकताच डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा साधा व्हायरल ताप येऊन गेला का ते आठवा. तापातून उठून आठवडाभरात शर्यत मारणं हे शौर्य नाही, हृदयाच्या स्नायूशी खेळ आहे. कधी कधी दोष अतिसरावाचाही असतो. रोज दमेपर्यंत चालवणाऱ्याचे पाय विश्रांतीच्या दिवशी घडतात, हे आपल्या लोकांना पटतच नाही. आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात उतरायचं तर शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एसीत बसून थेट रस्त्यावर आलात तर मागे पडणारच.

'हार मानू नका'च्या या प्रचाराचा सगळ्यात वाईट परिणाम माझ्या टेबलावर येतो. पुढच्या वेळी नंबर यावा म्हणून लोक शर्यतीआधी डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. गुडघा दुखायचा थांबेल, किडनीचं काय? घाटात छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, तर तिथेच उतरा. 'अजून थोडं' म्हणू नका. चाळिशी ओलांडली असेल, डायबेटिस-बीपी असेल, तर शर्यतीत नाव देण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग जिद्द काहीच नाही का? आहे की. रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे, एकट्याने साधारण बारा दिवसांत संपवायची. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ साली ती पूर्ण करता आली नाही. २०१७ मध्ये त्यांनी ती पूर्ण केली, एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. पण २०१६ ते २०१७ मध्ये जे वर्ष गेलं ते नुसतं मनाला चाबूक मारून जात नसतं. खाणं, झोप, सराव, सोबतची टीम, सगळं पुन्हा बसवावं लागतं. आपण फक्त शेवटचा फोटो बघतो.

मी स्वतः एक्कावन्नाव्या वर्षी एका स्थानिक शर्यतीत उतरलो होतो. पोचलो तेव्हा मंडप उतरवत होते आणि माइकवरून कोणीतरी 'डॉक्टरांनाच सलाइन लावा' म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र चार दिवस सायकलला हात लावला नाही. त्यामुळे लाज काय असते ते मला माहीत आहे. पाचव्या दिवशी निघालो ते एकट्याने, घड्याळ घरी ठेवून.

नंबराचा त्रास होत असेल तर ब्रेव्हे करून बघा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, बस. तिथे पहिला-दुसरा नसतोच. तेही नको असेल तर शर्यत सोडा, सायकल सोडू नका. पायांचे स्नायू काम करताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्याचा फायदा पुढचा दिवसभर तरी टिकतो. हे तुम्ही पहिले आलात तरी होतं, शेवटून तिसरे आलात तरी तितकंच होतं. आठवड्याला दीडशे मिनिटं पुरे.

आमच्या गृहस्थांना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आहेत. सायकल भिंतीवरून खाली आली आहे, अजून घाटाकडे वळलेली नाही. मी घाई करत नाही.

आणि आयोजकहो, तुमच्यासाठीही एक. शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत पाण्याचं टेबल आणि ॲम्ब्युलन्स हलवू नका. सगळ्यात जास्त वेळ उन्हात तोच असतो.