तराजूला शिक्का, मशीनला सूट

मंडईतल्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. मुदत संपली की पुन्हा पडताळणी, पुन्हा शिक्का. पाव किलो भेंडीत दहा ग्रॅमची गफलत होऊ नये म्हणून एवढा खटाटोप. पण दवाखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर आणताना ‘आधी आपल्या रुग्णांवर ताडून बघा’ म्हटलं, की प्रगतीच्या आड आल्याचा ठपका बसतो. हा ठपका ठेवणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ.

ते म्हणतात, कंपनीनं चाचणी केलेलीच असते, आकडे माहितीपत्रकात छापलेले असतात. पुन्हा तेच दळण कशाला? पण एक उदाहरण बघा. अमेरिकेतल्या ‘एपिक’ कंपनीची प्रणाली तिथल्या शेकडो रुग्णालयांत रुग्णांच्या नोंदी सांभाळते. जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतण्याची, म्हणजे सेप्सिसची, आगाऊ सूचना देणारं मॉडेल त्यातच बसवलेलं होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या रुग्णालयातल्या नोंदींवर तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेले रुग्ण २,५५२. त्यातले ६७ टक्के मॉडेलला दिसलेच नाहीत. बरं, ते अबोल होतं असंही नाही. दाखल झालेल्या दर शंभरांत अठरा जणांसाठी त्यानं धोक्याचा इशारा दिला. माहितीपत्रकातल्या कामगिरीपेक्षा प्रत्यक्षातली बरीच खाली निघाली, आणि हे कळलं ते कुणीतरी दळण पुन्हा दळलं म्हणूनच.

दुसरा युक्तिवाद फार लाडका आहे: ‘मशीन नुसता सल्ला देतं, शेवटी डॉक्टर आहेतच की!’ जरा रात्रपाळीच्या सिस्टरच्या जागी उभं राहून बघा. एका बेडची सलाईन संपत आलीय, दुसऱ्याचे नातेवाईक दारात उभे आहेत, आणि पडद्यावर पुन्हा तीच सूचना. पाचव्या वेळी मजकूर वाचायच्या आत तिचं बोट ‘बंद करा’वर गेलेलं असतं. सहावी सूचना खरी असली तर? उगाच ओरडणारं मशीन माणसाचं लक्षच बोथट करून टाकतं, आणि आपण त्याच लक्षाच्या भरवशावर निर्धास्त! त्यातून गंमत अशी, की एपिकच्या त्या सेप्सिस मॉडेलनं धरलेल्या खुणांमध्ये ‘डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलं आहे का’ हीही एक खूण होती. म्हणजे डॉक्टरांना संशय आला, की यालाही येणार. वरातीमागून घोडं ते हेच.

तिसरं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘आमच्या तालुक्याला तज्ज्ञच नाही. काहीच नसण्यापेक्षा हे बरं.’ त्यात कळकळ आहे. पण थायलंडमध्ये काय झालं ते पाहा. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाड ओळखणारी गूगलची प्रणाली प्रयोगशाळेत उत्तम ठरली होती. तिथल्या अकरा सरकारी केंद्रांत ती नेली, तर पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के तिनं ‘नीट नाही’ म्हणून परत केली. कारण साधं होतं. बहुतेक केंद्रांत फोटोसाठी अंधार करता येईल अशी खोलीच नव्हती. एके ठिकाणी दोन तास इंटरनेट गेलं आणि दोनशेंऐवजी शंभरच रुग्ण तपासून झाले. फोटो नाकारला गेला, की त्या माणसानं आणखी एखाद्या दिवशी दूरच्या तज्ज्ञाकडे जायचं, डोळ्यांत काही दोष असो वा नसो. मजुरी बुडायची ती त्याची. मग ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ हे कुणासाठी? संशोधक केंद्रात जाऊन नर्सांच्या शेजारी बसले, म्हणून निदान हे उघड तरी झालं.

आणि चाचणी म्हणजे मशीनशी वैर, असं तर मुळीच नाही. ढाक्यात २३,९५४ जणांच्या छातीच्या एक्स-रेवर क्षयरोग ओळखणारी पाच सॉफ्टवेअर स्वतंत्र संशोधकांनी तपासली. त्यात मुंबईत तयार झालेलं ‘क्यूएक्सआर’ही होतं. प्रत्येकाच्या कफाच्या जीनएक्सपर्ट तपासणीशी उत्तरं ताडली, आणि पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अशा सॉफ्टवेअरना १५ वर्षं आणि त्यावरच्यांच्या तपासणीसाठी हिरवा कंदील दिला, तो असल्या पुराव्यांवर. कंपनीच्या विक्रेत्यानं शंभर सादरीकरणं केली असती तरी एवढी पत मिळाली नसती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. वयस्क माणसं आणि पूर्वी टीबी होऊन गेलेली माणसं, यांच्या बाबतीत सगळीच सॉफ्टवेअर थोडी अडखळली. जुन्या आजाराचे व्रण फुप्फुसावर राहतात. नवा आजार कुठला आणि जुनी खूण कुठली, याचा घोळ होतो. आपल्याकडे पूर्वी टीबीची औषधं घेतलेली माणसं थोडी नाहीत. सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला गुण देतं. कितीच्या वर कफ तपासायला पाठवायचा, ही रेघ आपली आपल्यालाच मारावी लागते. ढाक्याची रेघ धारावीत चालेल का, नंदुरबारला चालेल का, हे तिथले एक्स-रे बघूनच कळणार.

खरेदीच्या निविदेत देखभालीचं कलम घालतोच आपण. त्याच्या वर एक कलम घालावं: पहिले तीन महिने सॉफ्टवेअर मुक्यानं चालेल. ते गुण देईल, पण डॉक्टरांना दिसणार नाहीत; रुग्णाची तपासणी आणि उपचार नेहमीसारखेच होतील. वहीत एका रकान्यात सॉफ्टवेअरचे गुण, शेजारी कफाच्या तपासणीचा निकाल, तिसऱ्यात ‘पूर्वी टीबी होता का’. वही ठेवणारा माणूस तेवढा कंपनीच्या पगारावरचा नको.