पेंढ्याचं इथेनॉल : कारखाना उभा राहिला, शेतकऱ्याच्या हाती काय?

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिल्लीवर धूर दाटतो आणि टीव्हीवरच्या चर्चेत पंजाब-हरियाणाचा शेतकरी आरोपी ठरतो. तो पेंढा का जाळतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. पेंढा उचलायला मजूर, यंत्र, ट्रॅक्टर लागतो. काडीपेटी मात्र फुकटात पडते.

यावर उपाय म्हणून १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी पानिपत येथे इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचं उद्घाटन केलं. ९०० कोटींहून जास्त खर्च, वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि त्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, असं उद्दिष्ट जाहीर झालं. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं.

मग गाडी अडते कुठे? उसाच्या रसात साखर तयारच असते, तो थेट आंबवता येतो. पेंढ्यातही साखर आहे, पण ती सेल्युलोजच्या रूपात, लिग्निनच्या चिवट वेष्टनात कोंडलेली. हे वेष्टन आधी सैल करावं लागतं. त्यासाठी पेंढा बारीक करून, सौम्य आम्ल आणि वाफेच्या दाबाखाली तापवतात. यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात. त्यानंतर एन्झाइम सेल्युलोजची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी मेख याच टप्प्यात आहे. कमी शिजवलं तर एन्झाइम आत शिरत नाहीत. जास्त शिजवलं तर साखरच करपते आणि तिच्यापासून फरफ्युरलसारखे पदार्थ तयार होऊन यीस्टला मारक ठरतात. त्यात भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, वर शेतातली माती, यंत्रं झिजतात. आम्ल, वाफ, एन्झाइम सगळ्याला पैसा लागतो. म्हणून हे इथेनॉल मळी किंवा धान्यापासूनच्या इथेनॉलइतकं स्वस्त पडत नाही. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळता येतं. त्यापासून किमती वस्तू बनल्या तर हिशेब सुधारू शकतो.

सरकारने २०१९ मध्ये 'जी-वन' योजनेतून अशा प्रकल्पांसाठी १,९६९.५० कोटी रुपये मंजूर केले आणि २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली. आम्हाला हे पाऊल योग्यच वाटतं. माणसांच्या ताटातला तांदूळ आणि कोंबड्यांच्या खाद्यातला मका टाकीत ओतण्यापेक्षा टाकाऊ काडीपासून इंधन करणं केव्हाही बरं. पण पैसा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचून थांबू नये. गठ्ठे बांधणारं यंत्र लहान शेतकऱ्याला परवडत नाही. वर्षभराचा माल काही आठवड्यांत गोळा करायचा, पावसापासून आणि आगीपासून सांभाळायचा, हा खर्च कुणाच्या माथी?

महाराष्ट्रानेही आत्ताच विचार करायला हवा. विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या वेळेवर शेताबाहेर गेल्या तर गुलाबी बोंडअळीचा आसरा मोडतो, हा फायदाच आहे. पण त्याच पऱ्हाट्यांवर कित्येक गरीब घरांची चूल पेटते. ज्वारीचा कडबा तर जनावरांचा घास. दुष्काळात चारा छावण्यांसमोर लागणाऱ्या रांगा आपण विसरलेलो नाही. कारखाने हे सगळं ओढू लागले तर 'टाकाऊ' म्हणताना आपण कुणाच्या तोंडचं काढतोय, हे पाहावं लागेल.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. आधी चारा, मग चूल, थोडी काडी जमिनीसाठी आणि उरेल ते कारखान्याला. जे कारखान्याला जाईल त्याचा दर बांधावर, पेरणीआधी ठरलेला असावा. तो दर उचलणीच्या खर्चाहून थोडा जरी जास्त असला, तरी शेतकरी काडीपेटी खिशातच ठेवील. त्याला दंडाचा धाक दाखवायची गरज पडणार नाही.