आधी माप, मग भेट

गेल्या आगमनकाळापूर्वी आमच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत एक साधा विषय निघाला आणि त्यावर अर्धा तास गरमागरम चर्चा झाली. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरील मुलांना आपण नाताळात स्वेटर वाटतो. ते या वेळी बाजारातून न आणता घराघरांत हाताने विणावेत, अशी महिला मंडळाची सूचना होती. त्यावर हिशेबाला पक्के असलेले एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, "फादर, एका स्वेटरच्या लोकरीच्या पैशांत घाऊक बाजारात दोन तयार स्वेटर येतात. शिवाय बायकांचे दोन महिने जाणार. गरिबाला ऊब हवी असते. ती कोणाच्या हातची आहे, हे तो विचारीत नाही." सभेने माना डोलावल्या. सूचना बारगळली. मीही गप्प बसलो, कारण त्या घटकेला मला उत्तर सुचले नाही. ते उत्तर मी आज या पानांतून देत आहे.

प्रथम हे मान्य करतो की त्यांचा हिशेब खोटा नव्हता. सात-आठ वर्षांच्या मुलाचा स्वेटर विणायचा तर दोन-अडीचशे ग्रॅम लोकर लागते. मध्यम जाडीच्या लोकरीचे दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौकोनी विणकाम घेतले तर त्यात सुमारे सहाशे टाके भरतात. पाठ, पोट आणि दोन बाह्या मिळून हा आकडा २५,००० च्या पुढे जातो. सराईत हातालाही त्याला वीस-पंचवीस तास हवेत. यंत्र तेच काम किती अल्प वेळात उरकते, हे सांगायला नको. तेव्हा पैसा आणि वेळ एवढेच मोजायचे असेल तर वाद तिथेच संपतो. माझे म्हणणे असे की, भेट देताना ज्या गोष्टीचे माप प्रथम घ्यायला हवे तेच या हिशेबात धरलेले नाही.

येथे मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, मी साठ स्वेटर गाडीत घालून एका पाड्यावर नेले होते. सगळे एका रंगाचे आणि एका मापाचे, कारण घाऊक घेतले की तसेच स्वस्त पडतात. मुलांची रांग लावली, छायाचित्रे काढली, गाणी म्हटली आणि अंधार पडण्यापूर्वी आम्ही समाधानाने परतलो. फेब्रुवारीत पुन्हा त्या वाटेने जाणे झाले. एका थोराड मुलाची बाही कोपराच्या जरा खाली येऊन थांबली होती. एका चिमुरडीचा स्वेटर गुडघ्यांखाली लोंबत होता. आणि विहिरीवरून येणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर हंडा होता, त्याखालची चुंबळ आमच्या स्वेटरची होती. मला राग आला. तो पाडा मागे पडेपर्यंत टिकला आणि मग शरम वाटू लागली. त्या बाईच्या घरात त्या मापाचे कोणी नव्हते. आम्ही तिला विचारलेही नव्हते. जी वस्तू कोणाच्याच अंगासाठी केलेली नव्हती, तिचा तिने निदान काही उपयोग तरी शोधून काढला.

घाऊक विकत घेणाऱ्याला कोणाला काही विचारावे लागत नाही. हीच त्या सोयीतली मोठी खोट आहे. विणणाऱ्याला मात्र विचारल्याविना पहिला टाकासुद्धा घालता येत नाही. ज्या भगिनी विणतात त्यांना हे ठाऊक आहे. आधी लहानसा चौकोन विणून आपला हात घट्ट आहे की सैल, हे पाहावे लागते. मग छातीचा घेर, खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी, गळा ही मापे लागतात. सुईवर किती टाके घालायचे, हे त्या अंगावरून ठरते. म्हणजे पहिली ओळ सुरू होण्यापूर्वीच एका विशिष्ट मुलाचे अस्तित्व मान्य करावे लागते. त्याला नाव असते, वय असते. मागच्या वर्षापासून तो किती वाढला, याचा विचार करावा लागतो. पुढचे वीस-पंचवीस तास तोच मनात असतो.

पवित्र शास्त्रात अशी एक माता आहे. हन्नाने नवसाने झालेला आपला शमुवेल शिलो येथील मंदिरात देवाच्या सेवेला सोपवला. त्यानंतर दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर तिकडे जाताना ती मुलासाठी एक लहानसा झगा तयार करून नेत असे. वर्षभर दृष्टीआड असलेल्या मुलाच्या झग्याचे माप तिने कसे ठरवले असेल? त्याची वाढ ती मनातल्या मनात मोजत असली पाहिजे. तिच्या प्रार्थनेवर आपण पुष्कळ प्रवचने देतो. या झग्यावर क्वचितच बोलतो.

मी पुण्याच्या सेमिनरीत पहिल्या वर्षी होतो तेव्हा हे मला वाचून नव्हे, तर अंगावर घालून कळले. वसईच्या दमट हवेत वाढलेल्या मुलाला पुण्याचा डिसेंबर बोचू लागला. आमच्या घरात तोवर लोकर आली नव्हती. आईने कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरकडून विणणे शिकून घेतले. मी सहा महिने घरी गेलो नव्हतो. तेव्हा तिने माझ्या धाकट्या भावाच्या छातीभोवती दोरी धरली, माझ्यासाठी चार बोटे वाढवली आणि तिथे गाठ मारली. स्वेटर आला तेव्हा बाह्या दोन बोटे लांब होत्या आणि एका ठिकाणी टाका गळाला होता. तो मी सात हिवाळे वापरला. बाजारातला स्वेटर त्याहून सुबक मिळाला असता, यात शंका नाही. पण सहा महिने कोणीतरी माझी उंची मनात मोजत होते, हे मला त्या स्वेटरने सांगितले.

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात मायस्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी, इ. स. १४०० च्या सुमाराची एक वेदीचित्रमाला आहे. बुक्स्टेहुडे येथील बेनेडिक्टाईन भगिनींच्या मठातून ती आली. तिच्या एका भागात पवित्र मरिया बसून विणत आहे. हातात चार सुया आहेत आणि गोलाकार विणलेल्या लहानशा अंगरख्याचा गळा पुरा होत आला आहे. जवळच बाळ येशू आहे. बाजूला देवदूत आले आहेत आणि त्यांनी क्रूस, भाला व काट्यांचा मुकुट आणला आहे. अशा गोल विणीला शिवण नसते. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसाखालच्या शिपायांनी ज्या अखंड अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याचीच ही चाहूल. प्रभूच्या काळी अशा सुयांचे विणकाम असल्याचा पुरावा नाही. त्याचे सर्वांत जुने ज्ञात नमुने इजिप्तमधील आहेत आणि तेही साधारण हजार वर्षांपलीकडचे नाहीत. योहान सांगतो तो अंगरखा मागावरचा असणार. चित्रकाराने आपल्या काळातली कला मरियेच्या हाती दिली. तरीही त्याला एक गोष्ट अचूक उमगली होती. जो देव माणसाचे माप स्वतःच्या अंगावर घेऊन आला, त्याच्याही अंगाचे माप कोणीतरी घेतले होते. नाताळ म्हणजे हेच. देवाने आपल्याकडे वरून काही फेकले नाही. तो आपल्या मापाचा झाला.

आता आक्षेपांकडे वळतो. कोणी म्हणेल, संत मार्टिनने अर्धा झगा कापून दिला तेव्हा कुठे माप घेतले होते? घेतले नव्हते. पण आमियाँच्या वेशीपाशी त्याने तो कुडकुडणारा माणूस डोळ्यांनी पाहिला होता आणि स्वतःच्या अंगावरचे वस्त्र कापले होते. संकटाची वेळही वेगळी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशा वेळी कोणी सुया घेऊन बसू नये, घोंगड्या आणि चादरी विकत घ्याव्यात आणि त्याच रात्री पाठवाव्यात. नाताळ मात्र अचानक कोसळत नाही. २५ डिसेंबर येणार, हे आपल्याला जानेवारीतच ठाऊक असते.

मी यंत्राचा वैरीही नाही. विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने केले आणि परंपरा सांगते की तो स्वतः धर्मोपदेशक होता. यंत्रामुळे गरिबाच्या पायात मोजे आले, हे मी विसरत नाही. रोजच्या गरजेचे कपडे यंत्राने खुशाल करावेत. पण रोजची गरज भागवणे आणि प्रभूच्या जन्मदिनी भेट देणे या दोन गोष्टी एक मानल्या तर दोन्हींचे नुकसान होते.

विणणाऱ्या हातांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. हाताने केले म्हणून ते प्रेमाने केले, असे आपोआप ठरत नाही. मला एका नाताळात जाड लोकरीचा मफलर भेट मिळाला. वसईत तो गुंडाळून मिस्सा अर्पण करायची तर घामाने भिजून जावे लागले असते. विणणाऱ्या व्यक्तीला तो नमुना आवडला होता. माझ्या गळ्याचा विचार त्यात नव्हता. पाड्यावर तर ही चूक जिवावर बेतू शकते. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुधा ॲक्रिलिक असते. ती धुवायला सोपी आणि स्वस्त, पण ज्या घरात मुले चुलीला आणि शेकोटीला खेटून बसतात तिथे तिच्यावर ठिणगी पडली तर ती वितळते, पेटते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, मात्र दगडावर आपटून धुतली तर आटते. तेव्हा छाती आणि बाही यांबरोबर मूल कुठे झोपते, कपडे कसे धुतले जातात, हेही विचारायला हवे. ते सारे मापातच येते. शेकोटीपाशी बसणाऱ्या मुलासाठी खरी लोकर घ्यावी आणि ती कशी धुवायची हे त्याच्या आईला समजावून सांगावे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. बायकांचे दोन महिने जाणार, असे ते सद्गृहस्थ म्हणाले. बायकांचेच का? युरोपात मध्ययुगाच्या अखेरीपासून विणकरांचे संघ पुरुषांचे होते. कित्येक वर्षांची उमेदवारी करून, काही ठिकाणी तर नक्षीदार विणलेला गालिचा करून दाखवल्याविना उस्तादपद मिळत नसे. सुया हे बाईचे काम, हा दंडक देवाने घातलेला नाही. घरातला स्वयंपाक, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास आणि वर पाड्यासाठी स्वेटर, असे सारे एकाच माणसाच्या गळ्यात घालून त्याला आपण दानधर्म म्हणणार असू, तर तो दानधर्म त्या एकट्या बाईचा ठरेल. बाकीच्यांनी नुसते नाव लावू नये.

आणि असे काम किती टिकते, हे यापो येथील टबीथाच्या मृत्यूपाशी दिसते. पेत्र आला तेव्हा विधवा रडत होत्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवत होत्या. तिने किती वस्त्रे दिली, याची संख्या लूकने नोंदवली नाही. त्या विधवांना मात्र आपापले वस्त्र ठाऊक होते. आपल्या वाटपाचा अहवाल आपण आकड्यांनी भरतो. उद्या आपण गेलो, तर पाड्यावरचे कोणी आपले म्हणून काय दाखवील?

म्हणून बारगळलेली सूचना मी पुन्हा मांडत आहे, जरा बदलून. येत्या २६ जुलैला संत आन्नाचा सण आहे. आन्ना आणि हन्ना हे एकच नाव. त्या सुमारास पावसाची उघडीप पाहून आपण पाड्यावर जाऊ, रिकाम्या हातांनी. प्रत्येक कुटुंबाने एकाच मुलाची ओळख करून घ्यावी. त्याचे नाव, घर आणि माप लिहून आणावे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत त्या घरातल्या सर्वांनी मिळून एक स्वेटर पुरा करावा आणि तो स्वतः नेऊन द्यावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजारातून आणावा, पण त्याच मुलाच्या मापाचा. साठाऐवजी वीसच स्वेटर झाले, तर उरलेल्या चाळीस मुलांसाठी पुढच्या वर्षी लवकर सुरुवात करू आणि तोवर त्यांना मापाचे तयार स्वेटर नेऊ. कोणालाही थंडीत ठेवून मला माझा मुद्दा सिद्ध करायचा नाही.

मी स्वतः सुया हाती घेतल्या आहेत. सुलट टाका जमू लागला आहे, उलट अजून साधत नाही. त्या सद्गृहस्थांना मी एक विनंती केली आहे. आमच्यांत आकडेमोड त्यांना सर्वांत चांगली येते. तेव्हा जुलैत दोरी आणि वही त्यांनी सांभाळावी आणि प्रत्येक मुलाच्या छातीभोवती दोरी धरून माप त्यांनी स्वतः घ्यावे. त्यांनी होकार दिला आहे.