‘फीमेल’ : माघार कोणाची?

१९३३ च्या ‘फीमेल’ या चित्रपटात ॲलिसन ड्रेक (रूथ चॅटरटन) वडिलोपार्जित मोटार-कारखाना चालवते. हाताखालच्या तरुणांना घरी जेवावयास बोलावते आणि भावनेत गुंतू लागलेल्याची बदली थेट माँट्रियलला करते. पुरुष मालकाच्या परिचित वर्तनाचे हे स्त्रीरूप हसवते, अवघडवतेही. अखेरीस मात्र ती कारखाना अभियंता जिम थॉर्नच्या हाती सोपवून नऊ मुलांची स्वप्ने पाहू लागते! या माघारीचे खापर सेन्सॉरच्या माथी फोडण्याचा मोह होतो. परंतु निर्मितिसंहितेची (ती १९३० चीच) कडक अंमलबजावणी १९३४ च्या जुलैपासूनची, चित्रपट त्यापूर्वीचा. तेव्हा ही माघार केवळ बाहेरून लादलेली नसून पटकथेच्याच मनातील धास्तीतून आली असावी, असे आम्हास वाटते.